विहिरीच्या पाण्याचा सामू: दर्शक पाच, उत्तरं पाच, पाणी एकच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. द्राक्षबागेला जाणारं विहिरीचं पाणी तुम्ही पुतणीच्या शाळेतल्या विज्ञानपेटीने तपासलं. लाल लिटमस निळसर झाला. हळदीचा कागद पिवळाच राहिला. फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकले तर रंगच आला नाही, त्यावर पुतणी म्हणाली, ‘काका, हे तर आम्ल आहे.’ मिथिल ऑरेंज पिवळं दिसलं. सामू पट्टी (सामू म्हणजे pH: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) विहिरीवर ७.५ दाखवते, दोन दिवसांनी आलेल्या अहवालात मात्र सामू ७.८ आहे. त्याखाली ‘फिनॉल्फथॅलीन अल्कलाइनिटी: निरंक, एकूण अल्कलाइनिटी: ४२०’ असंही लिहिलंय. खरं कोणतं मानायचं, आणि ड्रिपर चोक झालेत तर ॲसिड किती सोडायचं?

पाचही दर्शक, म्हणजे रंगावरून सामू सांगणाऱ्या या पाच गोष्टी, खरं बोलतायत आणि अहवालही बरोबर आहे. पुतणीचा निष्कर्ष तेवढा चुकला, आणि त्यात तिचा दोष नाही. शाळेत दर्शक शिकवताना एका बाजूला लिंबाचा रस आणि दुसऱ्या बाजूला साबणाचं पाणी ठेवतात. तिथे प्रत्येक दर्शक सरळ उत्तर देतो. विहिरीचं पाणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि तिथे दर्शकाला काय कळतं व काय कळत नाही हे माहीत नसेल तर गोंधळ ठरलेला.

‘हे आम्ल की अल्क?’ या प्रश्नाचं उत्तर कोणताही दर्शक देत नाही. त्याला फक्त एवढंच सांगता येतं की द्रावण त्याच्या स्वतःच्या पट्ट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. प्रत्येकाचा पट्टा निराळा. मिथिल ऑरेंजचा ३.१ ते ४.४: त्याखाली लाल, त्यावर पिवळं. मिथिल रेडचा ४.४ ते ६.२. ब्रोमोथायमॉल ब्लूचा ६.० ते ७.६: खाली पिवळा, वर निळा, मध्ये हिरवा. फिनॉल्फथॅलीन ८.२ च्या खाली रंगहीन, १० पर्यंत जाता जाता गडद गुलाबी. लिटमसचा पट्टा फारच रुंद, साधारण ४.५ ते ८.३. हळद ७.४ च्या आसपासपासून बदलू लागते आणि ८.६ ला पुरती तांबडी होते. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा पडतो, तो याच पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे जात असतो.

आता तुमची निरीक्षणं एकत्र ठेवा. मिथिल ऑरेंज पिवळं, म्हणजे सामू ४.४ च्या वर. फिनॉल्फथॅलीन रंगहीन, म्हणजे ८.२ च्या खाली. लाल लिटमस निळसर, म्हणजे ७ च्या वरच्या अंगाला. हळद हललीच नाही, म्हणजे ७.५ च्या फार पुढे नाही. चारही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात: ७ आणि ७.५ च्या आसपास. पट्टीनेही तेच सांगितलं. फिनॉल्फथॅलीनला रंग आला नाही याचा अर्थ ‘आम्ल’ असा घ्यायचा नाही, ‘८.२ च्या खाली’ एवढाच घ्यायचा. शुद्ध पाण्यातही ते रंगहीनच राहतं.

हे पट्टे सुमारे दोन एककांचे का असतात, हे समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. दर्शक हा स्वतःच एक सौम्य आम्ल असतो. त्याची दोन रूपं असतात, हायड्रोजन धरलेलं आणि सोडलेलं, आणि दोघांचे रंग वेगळे. सामू बदलतो तसं या दोन रूपांचं प्रमाण बदलतं. एक रूप दुसऱ्याच्या दहा-एक पट झालं की आपल्या डोळ्याला त्याचाच रंग दिसतो, मधल्या टप्प्यात मिश्र रंग. सामूचं एक एकक म्हणजे दहापट फरक. म्हणून एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असा दोन एककांचा पट्टा डोळ्याला जाणवतो. ‘अमुक सामूला रंग बदलतो’ असं म्हणताना आपण एका पट्ट्याविषयी बोलत असतो, रेषेविषयी नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रंग नीट दिसावा म्हणून लोक दर्शकाचे थेंब वाढवतात. ५० मिली पाण्याला दोन-तीन थेंब पुरतात. जास्त टाकले तर हे सौम्य आम्ल पाण्याचा सामू स्वतःच हलवतं. तुमच्या विहिरीच्या पाण्यात हा परिणाम जाणवणार नाही, पण पावसाचं पाणी, आरओचं पाणी, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर यांत विरोध करायला काहीच नसतं, तिथे जाणवतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनच सामू ५.६ च्या आसपास येतो. आरओच्या पाण्याला पट्टी लावून ‘ॲसिडिक निघालं’ म्हणून घाबरलेले लोक आमच्याकडे नेहमी येतात. त्या पाण्यावर पट्टीचं वाचन धरूच नका.

आता ७.५ आणि ७.८. पट्टी अर्ध्या एककाच्या टप्प्याने वाचते, त्यामुळे तिचं ७.५ म्हणजे ७.३ ते ७.७ मधलं काहीही. पण त्याहून मोठं कारण निराळं आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा बराच जास्त विरघळलेला असतो. पाणी वर आलं, बाटलीत अर्धं भरून हिंदकळत प्रयोगशाळेत गेलं की तो वायू उडतो आणि सामू वर चढतो. हे घरी बघायचं असेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, थंड होऊ द्या आणि मग फिनॉल्फथॅलीन टाका. बायकार्बोनेटच्या पाण्याला अशा वेळी बहुधा गुलाबी झाक येते. मग पुतणीला त्यात नळीने हळूच फुंकायला सांगा. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने झाक जाते आणि पाणी पुन्हा रंगहीन. तेच पाणी एकदा ८.२ च्या पलीकडे गेलं आणि परत अलीकडे आलं. हा प्रयोग तिला दहा धड्यांपेक्षा जास्त शिकवेल. फक्त पाणी तोंडात ओढायचं नाही, एवढं बजावून ठेवा.

खरा मुद्दा अहवालाच्या शेवटच्या ओळीत आहे. बहुतेक शेतकरी सामूकडे बघतात आणि ‘एकूण अल्कलाइनिटी’ वगळून पुढे जातात. ॲसिड किती लागेल हे मात्र तीच ओळ ठरवते. सामू सांगतो पाणी या घटकेला कुठे उभं आहे. अल्कलाइनिटी सांगते त्याला तिथून हलवायला किती आम्ल लागेल. सामू ७.८ असलेल्या दोन विहिरी घ्या, एकीची अल्कलाइनिटी ८०, दुसरीची ४२०. पट्टी दोघींना सारखीच रंगेल, पण दुसरीला पाचपट ॲसिड लागेल. शेजाऱ्याच्या बागेतलं प्रमाण आपल्या बागेत वापरून कुणाचे ड्रिपर साफच होत नाहीत, तर कुणाच्या मुळ्यांना आम्लाचा झटका बसतो, ते यामुळेच.

अल्कलाइनिटी कशी काढतात ते सांगतो, कारण दर्शकांचं खरं कसब तिथेच दिसतं. ५० मिली पाणी फ्लास्कमध्ये घेऊन फ्लास्क पांढऱ्या टाईलवर ठेवायचा. आधी फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. गुलाबी आलं तर पाण्यात कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड आहे. तुमच्यासारखं रंगहीन राहिलं तर दोन्ही नाहीत, जे आहे ते सगळं बायकार्बोनेट. अहवालातलं ‘निरंक’ हेच. तुमची पेटी आणि प्रयोगशाळा इथे अगदी एकमेकांशी जुळल्या आहेत. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंजचे दोन थेंब. पाणी पिवळं होतं. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, ०.०२ नॉर्मल (एवढ्या ठरावीक तीव्रतेचं) सल्फ्युरिक आम्ल सोडत, फ्लास्क गोल फिरवत राहायचं.

बराच वेळ काहीच घडत नाही. थेंब पडतो तिथे क्षणभर लाल ठिपका दिसतो आणि फिरवताच विरतो. हा ठिपका विरायला वेळ लागू लागला की हात आखडायचा, तोटी थेंबाथेंबावर आणायची. मग एका थेंबाला पिवळ्यातला उजळपणा जातो, पुढच्याला नारिंगी छटा येते, सुक्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. तिथेच थांबायचं. गुलाबी-लाल झालं म्हणजे पुढे गेलात. शेजारी दर्शक घातलेला, आम्ल न घातलेला दुसरा फ्लास्क ठेवला तर फरक फार लवकर कळतो. आमच्याकडे नव्या मुलांना त्याशिवाय मी काम करूच देत नाही. तुमच्या पाण्याला ५० मिलीमागे २१ मिली आम्ल लागलं असणार, कारण या मापात मिली गुणिले २० म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट: ४२०.

मिथिल ऑरेंजचा हा बदल काही जणांना दिसतच नाही. लाल-हिरव्यातला भेद न कळणारे पुरुष बरेच असतात आणि अनेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं. अशांनी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथिल रेड यांचा मिश्र दर्शक वापरावा. निळसर-हिरव्यातून राखाडी होत गुलाबी होणारा तो बदल डोळ्याला जास्त ठळक वाटतो. पाण्यात ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन उरलं असेल तर ते रंग खाऊन टाकतं, दर्शक फिका पडतो आणि उत्तर भलतंच येतं. तेव्हा आधी सोडियम थायोसल्फेटचा एक थेंब टाकून क्लोरीन घालवायचं.

आता ड्रिप. यासाठी ब्युरेट लागत नाही, बादली पुरते. प्लॅस्टिकच्या बादलीत मोजून १० लिटर विहिरीचं पाणी घ्या. जे ॲसिड वापरणार आहात तेच, सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने, एकेक मिली टाकत जा आणि काठीने ढवळा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. तुम्ही ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणलं आहे असं लिहिता, तर तुमच्या पाण्याला साधारण ८ मिली लागतील. पण तिथवर पोचताना सामू कसा उतरतो ते नीट बघा. ४ मिलीला ६.३ च्या आसपास, ६ मिलीला ५.८, साडेसातला ५.१, आणि पुढच्या अर्ध्या मिलीत एकदम ४.२. म्हणजे पहिल्या साडेसात मिलीत सामू अडीच एककंच हलतो आणि मग अचानक कोसळतो. ‘पट्टी काही बदलत नाही’ म्हणून लोक इथेच डाव्या हाताने आणखी ओततात आणि सामू २ वर नेऊन ठेवतात.

ड्रिपरमध्ये साचलेला चुना विरघळवायला हवा तो सामू ४ च्या आसपासचा. हे ओळखायला मिथिल ऑरेंज उत्तम, कारण त्याचा पट्टा नेमका तिथेच आहे. दर मिलीनंतर कपभर पाणी पांढऱ्या वाटीत काढा आणि एक थेंब दर्शक टाका. नारिंगी झालं की झालं. १ ते १४ च्या रुंद पट्टीवर ४ आणि ५ मधला फरक संध्याकाळच्या उजेडात सांगणं कठीण. अरुंद पट्ट्याची पट्टी मिळाली तर तीच घ्या. आणि रंग नेहमी सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नाही.

१० लिटरला ८ मिली, म्हणजे १,००० लिटरला ८०० मिली. तुमचा एक सेक्शन तासाला १०,००० लिटर पाणी ओढतो म्हणता, तर पंधरा मिनिटांत २,५०० लिटर पाणी जातं आणि त्याला २ लिटर ॲसिड लागेल. व्हेंचुरीतून (पाण्याच्या वेगाने ॲसिड नळीत ओढून घेणाऱ्या भागातून) ते तेवढ्याच वेळात जाईल असा वेग लावा. मग सर्वांत लांबच्या लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीच्या) शेवटच्या ड्रिपरखाली वाटी धरून मिथिल ऑरेंजने तपासा. पंपाजवळ तपासून उपयोग नाही, कारण नळीतला चुना वाटेतच ॲसिड खात असतो. टोकाला नारिंगी दिसलं की वेळ मोजायला लागा, पंधरा मिनिटांनी पंप बंद करा, संच २४ तास तसाच ठेवा आणि मग लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा. शेवाळासाठी क्लोरीन देणार असाल तर ते वेगळ्या दिवशी, मध्ये संच पूर्ण धुऊन. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि त्याने माणूस दगावू शकतो. हे मी प्रत्येकाला सांगतो, समोरच्याला माहीत असलं तरी सांगतो.

तुम्ही सल्फ्युरिक ॲसिडविषयीही विचारलंय. तीव्र सल्फ्युरिक तेवढ्याच पाण्याला हायड्रोक्लोरिकच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लागतं. त्यामुळे वरचे आकडे त्याला लावू नका, बादलीची चाचणी नव्याने करा. शेतावर अनुभव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन.

फवारणीच्या पाण्याचं गणित वेगळं. कॅप्टानसारखं बुरशीनाशक सामू ८ च्या पाण्यात काही मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून बागायतदार सामू ६.५ पर्यंत आणतात आणि ते योग्यच आहे. तुमच्या पाण्याला त्यासाठी १० लिटरमागे ३ मिलीच्या आसपास तेच ॲसिड पुरेल. पण इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तुम्ही ६.५ ला आणलं तेव्हा बायकार्बोनेटचा एक हिस्साच कार्बन डायऑक्साइड झाला, बाकी अजून पाण्यात आहे. टाकीत पाणी ढवळत राहिलं की तो वायू उडतो आणि सामू पुन्हा ७ च्या वर चढतो. सकाळी तपासलेल्या टाकीवर दुपारी विसंबू नका. औषध घालायच्या ऐन वेळी पुन्हा पट्टी लावा, ब्रोमोथायमॉल ब्लू असेल तर फारच छान: ६.५ ला तो पिवळ्याकडे झुकलेला हिरवा दिसतो. औषध एकदा मिसळलं की मात्र पट्टीचा रंग वाचता येईलच असं नाही, पाणी गढूळ होतं.

बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) करता तिथे तर साधा लिटमसच लागतो. १ टक्क्याला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना. तिथे सामू ७.३ की ७.९ याने काही बिघडत नाही, मोकळं आम्लधर्मी तांबं उरलं आहे का एवढंच हवं असतं, कारण ते पानं जाळतं. निळा लिटमस लाल झाला तर चुन्याची निवळी आणखी घाला. लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का बघतात, तीही पक्की चाचणी आहे. एका ‘हो-नाही’च्या प्रश्नाला लिटमससारखं स्वस्त आणि भरवशाचं साधन दुसरं नाही.

सामू मोजणारा मीटर घ्यावा का, असं शेवटी विचारलंत. दर्शकांची मर्यादा जिथे येते तिथे मीटरच लागतो: जीवामृत, मळी, ह्युमिक, गढूळ किंवा रंगीत काहीही. मीटरचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड दर्शकांचा रंग उडवत होता, म्हणून अर्नोल्ड बेकमन यांनी विजेवर चालणारं उपकरण बनवलं. पण दर महिन्याला सामू ४ आणि ७ च्या बफरने (ठरावीक सामूच्या द्रावणाने) कॅलिब्रेट करायची तयारी नसेल, काचेचा गोळा कोरडा पडू न देण्याची काळजी घेणार नसाल, तर तो स्वस्त पेन मीटर घेऊ नका. तो दशांशात आकडा दाखवतो म्हणून लोकांना खरा वाटतो. चांगली पट्टी आणि मिथिल ऑरेंजची छोटी बाटली त्याहून जास्त खरं सांगतील. पट्टीची डबी लगेच घट्ट बंद करा आणि फवारणीच्या औषधांजवळ ठेवू नका, वाफांनी ती आधीच रंगते.

पिण्याचं विचारलं नाहीत, तरी घरात हेच पाणी येतं म्हणून सांगतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ चालतो. अल्कलाइनिटी २०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या दोन्ही बाबतींत तुमचं पाणी बसतं. पण नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू रंगाच्या दर्शकांना दिसत नाहीत, ते वेगळे तपासून घ्या.

पुढचा नमुना देताना पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मग बाटली घ्या. त्याच पाण्याने ती दोन-तीनदा विसळा, पाण्याखालीच काठोकाठ भरून हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावा, त्याच दिवशी पोचवा, आणि विहिरीवर घेतलेलं पट्टीचं वाचन बाटलीवर लिहून द्या. पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा असे दोन अहवाल हातात ठेवा. विहिरीची पातळी खाली गेली की अल्कलाइनिटी बहुधा वाढते, तेव्हा बादलीची चाचणी दर वेळी नव्याने करा आणि हे ८ मिली कायमचे धरून बसू नका.